लीलावतीतील उदाहरणे आणि ती सोडवण्याची रीत

भास्कराचार्यांनी शके १०७२ मध्ये, म्हणजे इ. स. ११५० मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी सिद्धान्तशिरोमणी रचला. त्यातील लीलावती आणि बीजगणित या भागांत शाब्दिक उदाहरणांना जे स्थान आहे, ते केवळ मनोरंजनाचे नाही. आधी रीत सांगणारे सूत्र, मग श्लोकबद्ध उदाहरण आणि त्यानंतर ‘न्यास’, म्हणजे उदाहरणातील संख्यांची मांडणी, असा या ग्रंथांचा क्रम असल्यामुळे शब्दांतून संख्या वेगळ्या काढणे हीच उत्तराची पहिली पायरी ठरत असे.

भुंग्यांचे प्रसिद्ध उदाहरण याच क्रमाने सुटते. थव्याचा पाचवा भाग कदंबावर, तिसरा भाग शिलींध्रावर आणि या दोहोंतील अंतराची तिप्पट कुटजावर गेल्यावर एक भुंगा उरतो, तर एकूण भुंगे किती, असा प्रश्न आहे. त्यासाठी ‘इष्टकर्म’ ही रीत वापरतात. तिच्यात सोयीची कोणतीही संख्या, म्हणजे ‘इष्ट’, गृहीत धरून प्रश्नातील सर्व क्रिया तिच्यावर कराव्या लागतात. इष्ट ३० धरल्यास ६, १० आणि १२ भुंगे जाऊन २ उरतात. प्रत्यक्षात १ उरत असल्याने ३० ला १ ने गुणून २ ने भागले की १५ हे उत्तर मिळते.

बीजगणितात संख्या गृहीत न धरता अज्ञात राशीलाच ‘यावत्तावत्’ हे नाव दिले जाते, लिहिताना त्याचे ‘या’ एवढेच संक्षिप्त रूप उरते आणि ज्ञात संख्येपुढे ‘रू’, म्हणजे रूप, लिहितात. एकाजवळ ६ घोडे व ३०० रूपे आहेत, दुसऱ्याजवळ १० घोडे असून त्याच्यावर १०० रूपांचे ऋण आहे आणि दोघांची संपत्ती सारखी आहे, या उदाहरणात दोन्ही पक्ष एकाखाली एक मांडून समशोधन केले, म्हणजे दोन्हींतून सारखेच वजा केले, की ४ या बरोबर रू ४०० उरते आणि घोड्याची किंमत १०० ठरते.

सहा रसांपासून किती मिश्रणे होतील, या प्रश्नासाठी लीलावतीत ६ ते १ या उतरत्या संख्यांना १ ते ६ या चढत्या संख्यांनी क्रमाने भागत व गुणत जाण्याची रीत आहे. तिने ६, १५, २०, १५, ६ आणि १ असे पर्याय मिळून एकूण ६३ मिश्रणे होतात. अनुकूल पर्यायांचे एकूण समसंभाव्य पर्यायांशी असलेले गुणोत्तर, म्हणजे संभाव्यता, हा विचार तेथे नाही. त्याची पद्धतशीर चर्चा युरोपात पास्कल आणि फेर्मा यांच्या १६५४ मधील पत्रव्यवहारात झाली. मात्र ज्या गणनेवाचून ते गुणोत्तर मांडता येत नाही, ती गणना येथे पूर्ण आहे.

या परंपरेचे महाराष्ट्राशी असलेले नाते शिलालेखाने सिद्ध होते. चाळीसगावजवळच्या पाटण येथील १३ व्या शतकाच्या आरंभीच्या लेखात भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची आणि त्या मठाला मिळालेल्या दानाची नोंद आहे. पुढे कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५४५ मध्ये बुद्धिविलासिनी ही लीलावतीची टीका लिहून अनेक रीतींची ‘उपपत्ती’, म्हणजे ती रीत बरोबर का याचे कारण, दिली. सूत्रग्रंथात पायऱ्या पाठ करण्याजोग्या आटोपशीर ठेवायच्या आणि त्यांची कारणे गुरू व टीकाकार यांनी उलगडायची, अशी ही विभागणी असल्याने, मूळ श्लोकांत सिद्धता दिसत नाही एवढ्यावरून या गणिताला केवळ घोकंपट्टी म्हणता येत नाही.