आंबागडापासून गोठणगावापर्यंत : निर्वासित, दाखला आणि विद्यापीठ

तुमसरच्या उत्तरेला डोंगरावर उभा असलेला आंबागड सन १७०० च्या सुमारास देवगडच्या बख्त बुलंद राजाचा सुभेदार राजा खान पठाण याने बांधला. याच बख्त बुलंदाने दूरदूरचे शेतकरी आणि कारागीर, हिंदू-मुसलमान असा भेद न पाहता, बोलावून आपल्या मुलखात वसवले. पुढे नागपूरकर भोसल्यांच्या काळात हा गड कैदी ठेवण्याच्या कामी आला. परक्याला बोलावून जमीन देणे आणि नकोशा माणसाला भिंतीआड ठेवणे, राज्यसत्तेच्या या दोन्ही रीती एकाच मुलखात सापडतात. आम्हांला येथे पाहायची आहे ती तिसरी रीत: माणसाला जागा द्यायची, पण नोंदीत तो परकाच ठेवायचा. तिचा परिणाम उच्च शिक्षणाच्या दाराशी सर्वांत स्पष्ट दिसतो.

१९७२ मध्ये तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यात गोठणगावाजवळ तिबेटी निर्वासितांची 'नोर्ग्येलिंग' ही वसाहत उभी राहिली. १९९९ मध्ये जिल्हा विभागला गेला आणि वसाहत गोंदियात गेली; तरी तिबेटी समाजात तिची ओळख 'भंडारा' अशीच राहिली. शेती आणि हिवाळ्यात शहरोशहरी स्वेटरविक्री, हा येथील संसाराचा आधार. मुलांच्या शाळेची सोय केंद्र सरकारने लवकर केली होती. तिबेटी शाळांसाठी स्वतंत्र प्रशासन १९६१ मध्येच स्थापन झाले. तिबेटी विद्येसाठी १९६७ मध्ये सारनाथला उच्च शिक्षणाची संस्थाही निघाली. प्रश्न उरला तो ज्याला वाणिज्य, अभियांत्रिकी किंवा इंग्रजी साहित्य शिकायचे आहे त्या विद्यार्थ्याचा. त्याच्या हातात परदेशी नागरिकाचे नोंदणीपत्र असते, आणि महाविद्यालयाचा अर्ज मात्र राष्ट्रीयत्व, अधिवास व जात यांचे रकाने भरून मागतो.

याच महाराष्ट्रात निर्वासितांनी उच्च शिक्षणाचा इतिहास घडवल्याचे उदाहरण आहे. फाळणीनंतर आलेल्या सिंधी प्राध्यापकांनी १९४८ मध्ये मुंबईत जय हिंद महाविद्यालय सुरू केले. त्यांतले बरेच जण कराचीच्या डी. जे. सिंध महाविद्यालयात शिकवत होते. हैदराबाद (सिंध) येथे १९२२ मध्ये स्थापन झालेले नॅशनल कॉलेज १९४९ मध्ये वांद्र्यात पुन्हा उभे राहिले. म्हणजे येथे केवळ विद्यार्थी आले नव्हते, त्यांच्यासोबत शिक्षक आणि शिकवण्याची परंपराही आली होती. त्यांची जिद्द थोर होतीच. पण तिला घटनेच्या सहाव्या अनुच्छेदाची साथ होती, हे विसरून चालणार नाही. पाकिस्तानातून आलेल्यांना त्या अनुच्छेदाने नागरिकत्वाची वाट दिली. महाविद्यालय काढणारा सिंधी माणूस बेघर होता, परका नव्हता.

पण नागरिकत्वानेही सारे सुटत नाही. पूर्व बंगालातून येऊन आजच्या गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शी-मुलचेरा भागात वसवलेली कुटुंबे पाहावीत. त्यांच्यातील नमशूद्र ही जात पश्चिम बंगालात अनुसूचित आहे. महाराष्ट्राच्या यादीत तिचे नावच नाही. त्यामुळे राज्याची सीमा ओलांडताच पिढ्यान्‌पिढ्यांची वंचना कागदावरून पुसली जाते, आणि तिच्यापोटी मिळणारी शिष्यवृत्ती व राखीव जागाही.

तिबेटी विद्यार्थ्याची कोंडी याहून गुंतागुंतीची आहे. २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेली व्यक्ती जन्माने नागरिक ठरते, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये एका तिबेटी तरुणीच्या बाबतीत हे मान्य केले. तेव्हा एकाच घरातील दोन भावंडांचे राष्ट्रीयत्व जन्मतारखेवरून निराळे ठरू शकते. शिवाय, नागरिकत्व घेतले तर देशाचा प्रश्न सोडून दिल्यासारखे होईल, अशी भावना अनेक तिबेटींच्या मनात आहे. शिक्षणासाठी स्मृतीचा त्याग करावा, अशी अपेक्षा विद्यापीठाने ठेवावी काय? आमच्या मते नाही. शुल्क, वसतिगृह आणि शिष्यवृत्ती यांसाठी 'येथे वाढला, येथे शिकला' एवढी कसोटी पुरेशी मानता येईल; राष्ट्रीयत्वाचा निवाडा प्रवेश समितीने करण्याचे कारण नाही. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही, हे खरे. पण वर्गाचे दार उघडायला त्या सहीची गरज पडत नाही.

हा प्रश्न साहित्याच्या अध्यापकांचाही आहे. तेनझिन त्सुंदू हा तिबेटी कवी मुंबई विद्यापीठात एम.ए. करीत असताना त्याचा पहिला कवितासंग्रह निघाला, तो वर्गमित्रांकडून उसने-पासने पैसे जमवून. २००१ मध्ये त्याच्या निर्वासनावरील निबंधाला आउटलुक-पिकाडोर पुरस्कार मिळाला. त्या पुस्तकामागे विद्यापीठाची कोणतीही योजना नव्हती; बाकावर शेजारी बसलेली मुले होती. सामावून घेणे म्हणजे काय, याचे याहून सरळ उत्तर आम्हांला ठाऊक नाही.

जगभरातील निर्वासित तरुणांपैकी उच्च शिक्षणापर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेने २०१९ मध्ये अवघे ३ टक्के सांगितले आणि २०३० पर्यंत १५ टक्क्यांचे लक्ष्य ठेवले. हे आकडे जिनीव्हात मांडले जातात. त्यांची कसोटी मात्र अर्जुनी-मोरगाव किंवा भंडाऱ्यातल्या एखाद्या महाविद्यालयाच्या खिडकीपाशी लागते. तेथे बसलेला कारकून अर्ज परत करतो की रकाना कोरा ठेवून स्वीकारतो, यावर एका मुलीची तीन वर्षे अवलंबून असतात. त्या कारकुनाला अर्ज स्वीकारण्याचे बळ देणारा लेखी नियम करणे, हे विद्यापीठाच्या हातचे काम आहे.