यंत्र पातळीत, पाणी पाताळात

गवंड्याच्या पिशवीत दोन साधने हमखास सापडतात. एक ओळंबा आणि दुसरी पाणसळ. ओळंबा उभे काय ते सांगतो, पाणसळ आडवे काय ते सांगते. दोघांचाही गुरू एकच, पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण. घर बांधताना हे दोघे बरोबर नसतील तर भिंत कधी ना कधी बोलतेच. जमिनीत खाली जाणाऱ्या बांधकामाचे मात्र तसे नाही. विंधनविहीर तिरकी गेली तर ती कोणाला दिसत नाही. दिसतो तो अडकलेला पंप आणि झिजलेला पाइप. दोष मात्र नशिबाला दिला जातो.

माझे शिक्षण ना अभियांत्रिकीचे, ना भूगर्भशास्त्राचे. जुनी पुस्तके, यंत्रांच्या माहितीपुस्तिका आणि बोअरच्या गाडीवरची माणसे, एवढीच माझी शाळा. दुष्काळाचा इतिहास वाचताना मला सतत जाणवत आले की त्यात पावसाचे आकडे असतात, राजकारण असते, रोजगार हमी असते. पण खडक फोडणारी यंत्रे क्वचितच असतात. आणि असली तरी त्या यंत्राचे चार पाय तर कोणाच्याच खिजगणतीत नसतात. हा लेख त्या पायांविषयी आहे. तेलाच्या दाबाने खाली उतरणारे हे पोलादी पाय वीस-पंचवीस टनांची गाडी काही मिनिटांत समतल करतात, आणि माझ्या मते महाराष्ट्राच्या भूजलाच्या कहाणीत त्यांचा वाटा मोठा आहे.

आधी एक साधा प्रश्न. खोल छिद्रे माणूस शतकानुशतके पाडतोच आहे, मग यंत्र समतल करण्याचे एवढे प्रस्थ केव्हापासून माजले? चीनमधील सिचुआन प्रांतात, झिगाँग येथे, मिठाच्या पाण्यासाठी खणलेली शेनहाई विहीर १८३५ मध्ये हजार मीटरपलीकडे गेली होती. पॅरिसजवळच्या ग्रेनेल येथील विहिरीचे काम १८३३ मध्ये सुरू झाले, आणि १८४१ मध्ये सुमारे ५४८ मीटरवर पाणी उसळून वर आले. झिगाँगला तर वर बांबूचा सांगाडा होता, दोरालाही बांबूच्याच चिपा होत्या आणि दोराच्या टोकाला जड लोखंडी छिन्नी होती. ती उचलायची आणि सोडायची. गंमत अशी की दोराला मोकळी लटकणारी छिन्नी हा स्वतःच एक भला मोठा ओळंबा असतो. वरचा सांगाडा थोडा कलला तरी छिन्नी सरळ खाली जाऊ पाहते. खडकाचे थर तिला फसवत नाहीत असे नाही, पण निदान सुरुवात तरी सरळ होते.

दोराची जागा ताठ नळीने घेतली आणि हे गणित पालटले. ताठ रॉड ज्या मनोऱ्यावरून खाली उतरतो, त्या मनोऱ्याचा कल तो आपल्याबरोबर खाली नेतो. मनोरा फक्त एक अंश कललेला असेल तर शंभर मीटर खोलीवर छिद्राचे टोक जवळजवळ पावणेदोन मीटर बाजूला गेलेले असते, आणि दोनशे मीटरवर साडेतीन. एक अंश डोळ्याला दिसतही नाही. म्हणून जुन्या ओळंब्याचे काम आता गाडीच्या पायांवर आले.

या पायांची वंशावळ मोठी मनोरंजक आहे. ब्लेझ पास्कलचा द्रवांच्या समतोलावरचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ मध्ये छापला गेला. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोहोचतो, हे त्याचे तत्त्व. याच सुमारास, १६६१च्या आसपास, फ्रान्समध्येच मेल्किसेदेक थेवनो याने काचेच्या नळीत द्रव आणि हवेचा बुडबुडा कोंडून पाणसळीला आजचे रूप दिले. म्हणजे यंत्र समतल करणारे तत्त्व आणि ते समतल झाले की नाही हे सांगणारे साधन, ही एकाच देशात आणि एकाच काळात जन्मलेली भावंडे. त्यांची खरी गाठ पडायला मात्र तीनशे वर्षे जावी लागली.

पास्कलच्या तत्त्वातून लंडनच्या जोसेफ ब्रॅमाने १७९५ मध्ये द्रवदाबाचे दाबयंत्र केले. अडचण होती गळतीची. दाब वाढला की दट्ट्याच्या कडेने पाणी निसटायचे. दाबाबरोबर आपोआप घट्ट बसणारे चामड्याचे कडे हा त्यावरचा तोडगा. त्याचे श्रेय ब्रॅमाकडे काम करणाऱ्या हेन्री मॉडस्लीला दिले जाते. आजच्या जॅकमधले रबरी सील त्या चामड्याच्या कड्याचेच वंशज आहेत. पुढे १८५१ मध्ये न्यूयॉर्कच्या रिचर्ड डजनने सहज हलवता येणाऱ्या जॅकचे पेटंट घेतले आणि हे बळ कारखान्याबाहेर पडले. विसाव्या शतकात पाण्याच्या जागी तेल आले, कारण तेल गंजू देत नाही आणि वंगणही पुरवते.

दरम्यान एक घटना घडली. ती बोअरच्या गाडीवरच्या प्रत्येक पोराला ठाऊक असायला हवी असे मला वाटते. वेल्समधील ब्रिटानिया पुलाच्या सुमारे दीड हजार टनांच्या लोखंडी नळ्या १८४९ मध्ये द्रवदाबानेच वर चढवल्या जात होत्या. अभियंता रॉबर्ट स्टीफन्सनचा आग्रह होता की नळी जसजशी वर जाईल तसतसा तिच्याखाली आधार भरत यायचा. त्या ऑगस्टमध्ये दाबयंत्राचा तळ फुटला. नळी काही इंच खाली आली आणि त्या आधारावर थांबली. आधार नसता तर सगळे संपलेच होते.

आजही बोअरची गाडी शेतात येते तेव्हा जॅकच्या थाळ्यांखाली लाकडी ठोकळे सरकवले जातात. काळ्या मातीत ते फारच गरजेचे असतात. ही माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि वजनाखाली दबते. ठोकळा वजन पसरवतो. नंतर इंजिनाच्या शक्तीवर चालणारा पंप सिलिंडरमध्ये तेल ढकलतो. सिलिंडरचा आतला व्यास १० सेंटिमीटर आणि दाब दर चौरस सेंटिमीटरला १५० किलो धरला, तर एकटा पाय जवळजवळ पावणेबारा टन उचलतो. सिलिंडरच्या तोंडाशीच एक झडप असते. नळी फुटली तरी ती तेल अडवून धरते. स्टीफन्सनचा आधारच जणू या झडपेत येऊन बसला आहे.

चार पायांत एक खोड असते. आपल्याकडची तिवई कशाही जमिनीवर डगमगत नाही, चौरंग मात्र डगमगतो. तीन बिंदू कायम एका प्रतलात असतात. चौथा हवेत राहू शकतो. म्हणून जाणता चालक आधी चारही पायांवर भार आला का ते पाहतो आणि मगच बुडबुडा मध्यावर आणतो. एक पाय नुसता टेकलेला राहिला तर सगळे ठीक दिसते. पण खाली रॉड अडकला आणि तो ओढायला जोर लावला की सारा भार पायांवर येतो, सांगाडा पिळला जातो आणि मनोरा झुकतो. मोठ्या खाणींतील यंत्रांवर हेच काम आता कल मोजणारे संवेदक आणि संगणक करतात. क्रम मात्र तोच राहतो. आधी भार, मग पातळी आणि त्यानंतर मनोरा.

महाराष्ट्राशी या यंत्राची गाठ दुष्काळाने घालून दिली. १९६७ मध्ये बिहार आणि उत्तर प्रदेशातील दुष्काळात युनिसेफने ब्रिटनमधील हॅलिफॅक्सची हवेच्या दाबावर चालणारी यंत्रे विमानाने आणवली. त्यांचा हातोडा छिद्राच्या तळाशी, थेट खडकावर घाव घालतो. जुन्या पद्धतीने कठीण खडकात आठवडे लागत, तिथे आता काम दिवसावर आले. ही पद्धत आपल्या काळ्या पाषाणासाठीच बनवावी तशी होती. १९७२च्या दुष्काळानंतर गावोगावी विंधनविहिरी आणि हातपंप आले. जालना आणि सोलापूर येथे घडलेल्या हातपंपांच्या अनुभवातूनच पुढे देशभर पोहोचलेला इंडिया मार्क दोन तयार झाला. त्या विहिरींनी बायकांच्या डोक्यावरचे हंडे आणि पायपीट कमी केली. हे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल.

मग बिघडले कुठे? पुष्कळ जण बोट दाखवतात कंप्रेसरकडे, विजेच्या पंपाकडे, उसाकडे. ती कारणे खरीच आहेत. मला त्यांत आणखी एकाची भर घालायची आहे, मांडणीला लागणाऱ्या वेळेची. स्क्रू जॅक फिरवून, ठोकळे रचून, ओळंबा सोडून यंत्र उभे करायचे तेव्हा जागा बदलणे हे संकट होते. म्हणून जागा निवडताना दहादा विचार व्हायचा. मी ज्या गाड्यांपाशी घड्याळ लावून थांबलो, त्यांना समतल व्हायला दहा मिनिटेही लागली नाहीत. पहिला बोअर कोरडा गेला की पाय वर, गाडी वीस पावले पुढे, पाय खाली. पाणाड्या नवी जागा दाखवतो, नवा नारळ फुटतो आणि पहाटेपर्यंत दुसरा बोअरही फुफाटा उडवत कोरडा जातो. पैसे फुटावर मोजले जातात. कोरडा फूट आणि ओला फूट यांचा भाव एकच. तमिळनाडूतील तिरुचेंगोडेहून निघालेल्या गाड्या मराठवाड्याच्या बांधावर उभ्या राहू शकतात, त्या या झटपट मांडणीच्या बळावरच.

आणि खाली काय आहे? किल्लारीच्या १९९३च्या भूकंपानंतर तिथे संशोधनासाठी ६१७ मीटरचे छिद्र घेतले गेले. त्यात काळा पाषाण ३३८ मीटरपर्यंत लागला. त्या पाषाणात पाणी राहते ते मुख्यतः वरच्या झिजलेल्या मुरमात, भेगांत आणि थरांच्या सांध्यांत. आठशे-हजार फुटांवर जे लागते ते बहुधा फार जुने साठलेले पाणी. ते एकदा उपसले की पुढच्या पावसाळ्यात परत येत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, तेव्हा पहिल्या फेरीत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. ज्या जिल्ह्यात रात्रीत बोअर पडतात, त्या जिल्ह्याला पाणी रुळांवरून आणावे लागले.

महाराष्ट्राचा २००९चा भूजल अधिनियम २०१४ पासून अमलात आहे. साठ मीटरपेक्षा खोल विहिरीला तो खोल विहीर मानतो, अधिसूचित क्षेत्रात तिच्यावर बंधन घालतो आणि बोअरच्या यंत्रांच्या नोंदणीचीही अपेक्षा करतो. कायद्याने नजर यंत्रावर वळवली, हे मला योग्य वाटते. विहीर जमिनीत लपते, पण गाडी लपत नाही. तिला कुठेतरी चार पाय टेकावेच लागतात.

मराठीत पातळी हा शब्द दोन अर्थांनी येतो. यंत्र पातळीत आणतात, आणि पाण्याची पातळी मोजतात. पहिल्या अर्थाची पातळी साधायला आपण पास्कलपासून संगणकापर्यंतची सगळी विद्या कामाला लावली. बुडबुडा मध्यावर आल्याशिवाय चालक मनोरा उभा करत नाही, कारण कललेल्या पायावर काम केले तर काय होते हे त्याला नेमके ठाऊक असते. दुसऱ्या अर्थाच्या पातळीसाठीही बुडबुडा आहे. गावातल्या जुन्या आडात दोर सोडला की दिसतो तो. शेतात गाडी बोलावण्याआधी तो पाहायला दहा मिनिटे पुरतात. मी पाहिलेल्या गाड्यांना समतल व्हायला त्याहून कमीच वेळ लागला होता.