नत्रयुक्त खते आणि धान्यातील पोषणमूल्ये

नत्र हा प्रथिनांचा मूळ घटक असल्याने नत्रखताचा परिणाम उताऱ्याबरोबर दाण्याच्या कसावरही होतो. जमिनीत नत्र कमी असताना दिलेला पहिला हप्ता बहुतांशी उत्पादन वाढवतो. दाणे वाढल्याने प्रथिनांचे शेकडा प्रमाण कधी घटतेही. फुलोऱ्याच्या सुमारास मिळालेला नत्र मात्र दाण्यातील प्रथिने वाढवतो. गव्हाला याचा फायदा होतो. मक्यात वाढ मुख्यतः झेइन या प्रथिनाची होते आणि त्यात लायसिन नगण्य असते; त्यामुळे केवळ प्रथिनांच्या आकड्यावरून कस ठरवणे फसवे आहे.

दिलेला नत्र पिकाला किती मिळतो हे जमिनीवरही अवलंबून असते. उदाहरणार्थ, पैठण तालुक्यातील चितेगावचा परिसर मराठवाड्याच्या काळ्या, चुनखडीयुक्त जमिनींच्या पट्ट्यात येतो. अशा विम्लधर्मी जमिनीवर युरिया (४६ टक्के नत्र) नुसता फेकल्यास बराच नत्र अमोनियारूपाने उडून जातो. भारतात २०१५पासून युरियाला निंबोळी तेलाचा लेप सक्तीचा आहे. तो नायट्रीकरण मंद करतो, पण उडून जाणारा अमोनिया फारसा रोखत नाही. म्हणून खत मातीआड करणे महत्त्वाचे.

चुनखडीमुळे पिकाला जस्त व लोह कमी मिळते. जस्त पुरेसे असल्यास नत्र ते दाण्यात पोहोचवण्यास मदत करतो. स्फुरदाचा अतिरेक उलट काम करतो. वाणाचा वाटाही मोठा असतो: परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या ‘एएचबी १२०० एफई’ या लोहसमृद्ध बाजरी संकरात किलोमागे सुमारे ७३ मिलिग्रॅम लोह असते.