तोंडपाठ शब्दांचे मराठी अर्थ : विद्यार्थ्यांसाठी इस्लामच्या मूळ श्रद्धा आणि संज्ञा

जव्हार आणि मोखाडा हे पालघर जिल्ह्यातले डोंगराळ, आदिवासीबहुल तालुके. इथल्या मुस्लिम कुटुंबांची मुलं मराठी शाळेत जातात. वर्गात त्यांच्या शेजारी वारली, कोकणा, महादेव कोळी, कातकरी घरातली मुलं बसतात. दीनी शिक्षण मात्र मकतबमध्ये अरबी-उर्दूतून होतं. त्यामुळे कलमा तोंडपाठ असतो, पण वर्गमित्राने "रोजात पाणीसुद्धा का चालत नाही?" किंवा "पैगंबर म्हणजे तुमचा देव का?" असं विचारलं की मराठीत उत्तर सुचत नाही. गप्प बसलं तर गैरसमज तसाच राहतो, आणि चुकीचं उत्तर दिलं तर तो पक्का होतो.

खरं तर यातले बरेच शब्द मराठीत आधीपासून आहेत. बहमनी, निजामशाही आणि आदिलशाहीच्या काळात फारसी ही दरबारी भाषा होती. तिच्याबरोबर अरबी शब्दही मराठीत आले आणि घरचेच झाले. काहींचा अर्थ टिकला, काहींचा बदलला. तो फरक कळला की समजावून सांगणं सोपं होतं.

पायाचे तीन शब्द

इस्लाम : 'स-ल-म' या अरबी धातूपासून आलेला शब्द. या धातूत शांती आहे आणि स्वतःला सोपवून देणंही आहे. अल्लाहच्या आज्ञेला स्वतःला सोपवणं म्हणजे इस्लाम, आणि जो सोपवतो तो मुस्लिम. 'सलाम' हा शब्दही याच धातूचा.

ईमान : म्हणजे मनापासूनची श्रद्धा. धातू 'अ-म-न'. अमन आणि अमानत हे त्याचेच शब्द. बँकेत किंवा निवडणुकीत भरतात ती 'अनामत' म्हणजे ही अमानतच. मक्केतले लोक मुहम्मद (स.) यांना प्रेषितत्व मिळण्याआधीपासून 'अल-अमीन', म्हणजे विश्वासू, म्हणत. मराठीत 'इमानदार' म्हणजे प्रामाणिक. ज्याचा व्यवहार खोटा, त्याने आपल्या ईमानाकडे पुन्हा पाहावं, हे मराठी भाषाच सांगते.

दीन : मराठीत दीन म्हणजे गरीब, लाचार. अरबीतला 'दीन' वेगळा. त्याचा अर्थ जगण्याची पद्धत, धर्म. सूरह फातिहामध्ये तो निवाड्याच्या अर्थाने येतो. 'दीनदुबळा'शी त्याचा काही संबंध नाही.

सहा श्रद्धा

सुन्नी परंपरेत ईमानाच्या सहा बाबी सांगितल्या जातात. शिया परंपरेत मांडणी थोडी वेगळी आहे, पण तौहीद, प्रेषितत्व आणि आखिरत दोन्हीकडे पायाच आहेत.

१. अल्लाह : अल्लाह एक आहे, त्याला जोडीदार नाही, संतती नाही. या श्रद्धेला तौहीद म्हणतात. उपासनेत त्याच्याबरोबर कुणाला भागीदार करणं म्हणजे शिर्क.

२. फरिश्ते : अरबीत मलाइका, मराठीत देवदूत. ते अल्लाहची निर्मिती आहेत, त्यांची उपासना होत नाही. प्रेषितांपर्यंत वह्य, म्हणजे ईश्वरी संदेश, आणणारे फरिश्ते म्हणजे जिब्रील (अ.).

३. ग्रंथ : तौरात, जबूर, इंजील आणि कुरआन. कुरआनचं अवतरण इ.स. ६१० मध्ये हिरा गुहेत सुरू झालं आणि सुमारे २३ वर्षं चाललं. त्यात ११४ सूरह आहेत. वाचनाच्या सोयीसाठी ३० भाग केले आहेत. 'सिपारा' हा शब्द फारसी 'सी', म्हणजे तीस, यावरून आला आहे.

४. प्रेषित : रसूल म्हणजे पाठवलेला. मराठी 'प्रेषित' शब्दाचा अर्थही पाठवलेला, म्हणून हे भाषांतर अगदी नेमकं आहे. पैगंबर हा फारसी शब्द, अर्थ पैगाम आणणारा. कुरआनमध्ये २५ प्रेषितांची नावं आहेत. आदम (अ.) पहिले, मुहम्मद (स.) अखेरचे. प्रेषित देव नाहीत आणि देवाचा अवतारही नाहीत. ते माणूस होते. म्हणून मुस्लिम त्यांच्यावर जिवापाड प्रेम करतात, त्यांची उपासना करत नाहीत.

५. आखिरत : मराठी 'अखेर' याच कुळातला. मृत्यूनंतरचं जीवन आणि कर्मांचा हिशोब. 'हिशोब'ही अरबी 'हिसाब'च.

६. तकदीर : मूळ 'क-द-र', म्हणजे मोजमाप. मराठीतली 'कदर' इथलीच. सर्व काही अल्लाहच्या ज्ञानात आणि मोजमापात आहे, असा अर्थ. पण म्हणून अभ्यास न करता नशिबाला दोष द्यायचा, असा त्याचा अर्थ नाही. प्रयत्नाची जबाबदारी माणसावरच आहे.

पाच स्तंभ

शहादा : साक्ष. अल्लाहशिवाय कुणी उपास्य नाही आणि मुहम्मद (स.) त्याचे प्रेषित आहेत, अशी साक्ष. ज्या वाक्यात ती दिली जाते तो कलमा. 'कलमा' म्हणजे शब्द, वाक्य. लिहायच्या कलमेशी त्याचं नातं नाही.

नमाज : अरबीत सलात. 'नमाज' फारसी असून संस्कृत 'नमस्'चा तो भाषिक भाऊबंद आहे. फजर, जुहर, असर, मगरिब, इशा या पाच वेळांच्या फर्ज रकाती अनुक्रमे २, ४, ४, ३, ४, एकूण १७.

रोजा : अरबीत सौम. फारसी 'रोज' म्हणजे दिवस. आपली 'रोजंदारी' त्यावरूनच. एकादशीच्या उपवासाला साबुदाणा, पाणी चालतं. रोजात पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत काहीच चालत नाही. म्हणून 'उपवास' एवढंच सांगितलं की वर्गमित्राचा गोंधळ होतो. खोटं बोलणं, भांडण, चहाडी यांपासून दूर राहणं हाही रोजाचा भाग. वयात न आलेल्या मुलांवर तो फर्ज नाही. आजारी आणि प्रवाशांना सवलत आहे.

जकात : मराठीत हा शब्द नाक्यावरच्या कराला चिकटला. मुंबईत २०१७ मध्ये जीएसटी येईपर्यंत जकात नाके होते. मूळ अर्थ शुद्धी आणि वाढ. साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदी, किंवा तेवढ्या किमतीची बचत वर्षभर राहिली, तर तिचा चाळिसावा भाग, म्हणजे अडीच टक्के, हक्कदारांना देणं फर्ज आहे. हे उपकार नव्हेत, गरिबाचा हक्क आहे. याशिवाय ऐच्छिक दान म्हणजे सदका. तो धर्म न पाहता कोणत्याही गरजू शेजाऱ्याला देता येतो.

हज : ऐपत आणि प्रकृती असेल त्याने आयुष्यात एकदा मक्केची यात्रा.

आज्ञांच्या पायऱ्या

फर्ज म्हणजे अनिवार्य, हराम म्हणजे निषिद्ध. या दोन टोकांमध्ये वाजिब, सुन्नत, मुबाह, मकरूह अशा पायऱ्या आहेत. मराठीतला 'वाजवी' हा वाजिबवरून आणि 'मुभा' हा मुबाहवरून आला. मुबाह म्हणजे करायला हरकत नाही असं काम. मकरूह म्हणजे न आवडणारं, टाळावं असं.

कोकणी मुस्लिम बहुतेक शाफई पंथाचे, तर महाराष्ट्रातले इतर सुन्नी बहुतेक हनफी. हनफींमध्ये वाजिब ही फर्जखालची वेगळी पायरी आहे, शाफईंमध्ये फर्ज आणि वाजिब सहसा एकच. म्हणून वित्रची नमाज एका घरात वाजिब, दुसऱ्या घरात सुन्नत. मुलांनी यावरून वाद घालू नये. दोन्ही मान्य पद्धती आहेत.

गोंधळ करणारे शब्द

जमात : जव्हार-मोखाड्यात जमात म्हटलं की अनुसूचित जमात आठवते. मशिदीत जमात म्हणजे एका इमामामागे एकत्र नमाज पढणारे लोक. मूळ शब्द एकच, अर्थ समूह.

सुन्नत : यावरून मराठीत 'सुंता' आला आणि अर्थ तेवढाच उरला. खरा अर्थ प्रेषित (स.) यांची रीत. हसतमुखाने भेटणं हीसुद्धा सुन्नत आहे.

फतवा : बातम्यांत 'फतवा काढला' म्हणजे हुकूम सोडला. प्रत्यक्षात फतवा म्हणजे विचारलेल्या प्रश्नावर मुफ्तींनी दिलेलं धार्मिक मत.

जिहाद : शब्दाचा अर्थ पराकाष्ठेचा प्रयत्न. वाईट इच्छांशी झगडणं हाही जिहाद. युद्धाच्या अर्थाला कडक अटी आहेत, आणि निरपराधांची हत्या इस्लाममध्ये महापाप आहे.

उरूस : जव्हारमध्ये शाह सदरुद्दीन चिश्ती यांचा दर्गा आहे, म्हणून हा शब्द इथे सर्वांच्या ओळखीचा. मराठीत उरूस म्हणजे जत्रा. अरबी 'उर्स'चा अर्थ लग्न. सूफी परंपरेत वलींचा मृत्यू म्हणजे आपल्या रब्बशी मीलन, म्हणून त्या दिवसाला हे नाव. दर्ग्यावरच्या प्रथांबद्दल मुस्लिमांत मतभेद आहेत, पण इबादत फक्त अल्लाहची, यावर सर्वांचं एकमत आहे.

पालकांसाठी

मुलाला वहीत तीन रकाने आखून द्या : शब्द, मराठी अर्थ, आणि शाळेतल्या मित्राला सांगायचं एक वाक्य. आठवड्याला पाच शब्द पुरे. अरबी उच्चार मकतबच्या उस्तादांकडून पक्के करून घ्या, अर्थावर घरी मराठीत बोला. हिरा गुहेत उतरलेला पहिला शब्द होता 'इक्रा', म्हणजे वाच. वाचलेलं समजलं, तरच ते दुसऱ्याला समजावता येतं.