हप्ता, जोखीम आणि हक्क : भारतातील वैयक्तिक आरोग्यविम्याच्या किंमत व मूल्याचा ऐतिहासिक आढावा (१९४४ ते २०२५)

प्रस्तावना :

आजारपण कोणालाही चुकलेले नाही. मात्र आजारपणाचा खर्च कोणी सोसावयाचा, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक काळाने निरनिराळे दिलेले आहे. प्राध्यापक कक्षात आरोग्यविम्याचा विषय निघाला की चर्चा बहुधा दोन प्रश्नांभोवती फिरते. हप्ता किती भरावा लागतो आणि वेळ आल्यावर पैसे मिळतात का? पहिला प्रश्न विम्याच्या किमतीचा, तर दुसरा त्याच्या मूल्याचा आहे. हे दोन्ही प्रश्न वरकरणी व्यक्तिगत व्यवहाराचे वाटतात. परंतु हप्ता कोणत्या निकषावर ठरावा आणि दावा नाकारण्याचा अधिकार विमा कंपनीला कितपत असावा, यांची उत्तरे इतिहासात घडत आलेली आहेत. त्या घडणीचा मागोवा घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत शोधनिबंधात केलेला आहे.

उद्दिष्टे :

१. भारतात आरोग्यविम्याचा हप्ता ठरविण्याच्या निकषात झालेले परिवर्तन अभ्यासणे.
२. वैयक्तिक आरोग्यविम्याचे मूल्य कोणत्या घटकांमुळे वाढले वा घटले, याचा शोध घेणे.
३. नियमित वेतन नसलेल्या वर्गाच्या संदर्भात या इतिहासाचा अर्थ लावणे.

संशोधन पद्धती :

सदर शोधनिबंधासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून कायदे, समित्यांचे अहवाल, न्यायालयीन निर्णय व शासकीय आकडेवारी यांचा आधार घेतलेला आहे.

वेतनावर आधारलेला विमा :

आजारपणाच्या सक्तीच्या विम्याचा कायदा जर्मनीत बिस्मार्कच्या काळात, १८८३ मध्ये झाला. ब्रिटनने १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्याद्वारे तोच मार्ग स्वीकारला. भारतात हा विचार प्रथम गिरणी कामगारांच्या संदर्भात पुढे आला. मुंबई प्रांतिक सरकारने १९३७ मध्ये नेमलेल्या कापड गिरणी कामगार चौकशी समितीने आजारपणाच्या विम्याची शिफारस केली होती. पुढे १९४३ मध्ये भारत सरकारने प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांसाठी आरोग्यविम्याची योजना तयार करण्याचे काम सोपविले. त्यांचा अहवाल १९४४ मध्ये सादर झाला. कापड, अभियांत्रिकी आणि खनिज व धातू या तीन उद्योगांपुरती त्यांची योजना मर्यादित होती. तथापि कर्मचारी राज्य विमा कायदा, १९४८ चा पाया तिनेच घातला. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजनेचा प्रारंभ झाला आणि १९५४ मध्ये ती मुंबईत पोहोचली. महाराष्ट्रात ती ‘कामगार विमा’ या नावाने ओळखली जाते.

या योजनेचे वैशिष्ट्य तिच्या वर्गणीच्या तत्त्वात आहे. वर्गणी कामगाराच्या वेतनावरून ठरते. त्याच्या वयावरून अथवा प्रकृतीवरून नव्हे. प्रारंभी ज्यांची सरासरी रोजची मजुरी एक रुपयाहून कमी होती, त्यांना स्वतःची वर्गणी माफ होती. १९५८ पासून वैद्यकीय लाभ कुटुंबीयांनाही मिळू लागला. जुलै २०१९ मध्ये वर्गणीचा दर कामगारासाठी ०.७५ टक्के व मालकासाठी ३.२५ टक्के असा ठरविण्यात आला. या दराने १५,००० रुपये वेतनाच्या कामगाराकडून ११२.५० रुपये व मालकाकडून ४८७.५० रुपये, म्हणजे दरमहा एकूण ६०० रुपये जमा होतात. कामगार पंचविशीचा असो वा पन्नाशीचा, त्याला मधुमेह असो वा नसो, ही रक्कम बदलत नाही. ज्याची जशी ऐपत तशी त्याची वर्गणी आणि ज्याची जशी गरज तसा त्याला उपचार, हे या व्यवस्थेचे सूत्र होय.

या सूत्राची मर्यादाही स्पष्ट आहे. लाभ नोकरीला बांधलेला आहे. नोकरी गेली की काही काळाने विमाही संपतो. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या मुंबईतील संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार सहभागी झाले. त्यानंतर ज्यांना गिरणीत पुन्हा काम मिळाले नाही, त्यांच्या हातून पगाराबरोबर कामगार विम्याचे कार्डही निरुपयोगी झाले. संपाच्या इतिहासलेखनात वेतन, बोनस व संघटना यांची चर्चा विपुल आढळते. गमावलेल्या वैद्यकीय संरक्षणाची नोंद मात्र क्वचितच घेतली जाते.

मेडिक्लेमचा उदय :

संपानंतर अवघ्या चार वर्षांनी, १९८६ मध्ये, ‘मेडिक्लेम’ ही वैयक्तिक आरोग्यविम्याची पॉलिसी बाजारात आली. या दोन घटनांमध्ये कार्यकारणसंबंध नाही. परंतु त्यांचे सान्निध्य बोलके आहे. संघटित कामगारांचा विमा आक्रसत असताना मध्यमवर्गासाठी एक नवा दरवाजा उघडत होता. साधारण विमा व्यवसायाचे राष्ट्रीयीकरण १९७२ च्या कायद्याने झाले होते व १०७ विमा संस्था चार सरकारी कंपन्यांत विलीन करण्यात आल्या होत्या. मेडिक्लेमची विक्री याच चार कंपन्यांमार्फत सुरू झाली.

मेडिक्लेममध्ये हप्त्याचे तत्त्वच बदलले. येथे वेतन विचारले जात नाही, वय विचारले जाते. रुग्णालयात दाखल झाल्याशिवाय सामान्यतः पैसे मिळत नसत. पॉलिसी घेण्यापूर्वीचे आजार वगळले जात. रुग्णाने बिल आधी स्वतः भरावयाचे आणि मग कागदपत्रे सादर करून परतफेड मागावयाची, अशी रीत होती. परिणामी हातात रोकड नसलेल्या माणसाला विमा असूनही उसनवारी करावी लागे.

या पॉलिसीला करसवलतीचे पाठबळ मिळाले. १९६१ च्या आयकर कायद्यात कलम ८०डी समाविष्ट झाले. वजावटीची मर्यादा पुढे वाढत जाऊन २०१५ मध्ये २५,००० रुपये झाली. ही सवलत कोणाला किती मिळाली, हे तपासून पाहण्यासारखे आहे. उपकर वगळता, ३० टक्के दराने कर भरणाऱ्याचे २५,००० रुपयांच्या हप्त्यावर ७,५०० रुपये वाचत. ५ टक्के दराच्या करदात्याचे १,२५० रुपये वाचत. आणि ज्याचे उत्पन्न करपात्रच नाही, त्याचे काहीही वाचत नसे. म्हणजेच एकाच पॉलिसीची खरी किंमत गरिबाला अधिक व श्रीमंताला कमी पडत होती.

अल्प उत्पन्न गटासाठी प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. १९९६ मध्ये ५,००० रुपये संरक्षणाची ‘जन आरोग्य’ पॉलिसी आली. २००३ मध्ये रोज एक रुपया, म्हणजे वर्षाला ३६५ रुपये हप्त्याची व ३०,००० रुपये संरक्षणाची सार्वत्रिक आरोग्यविमा योजना आली. हप्ता स्वस्त ठेवण्यासाठी संरक्षणाची रक्कम लहान ठेवावी लागली. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबासाठी हा हप्ता एकरकमी भरणेही सोपे नव्हते.

मूल्याची जडणघडण : न्यायालय व नियामक :

पॉलिसीचे मूल्य तिच्यावर छापलेल्या रकमेवरून ठरत नाही. ती रक्कम मागण्याचा हक्क कितपत भक्कम आहे, यावरून ठरते. या दृष्टीने २००१ सालचा बिमन कृष्ण बोस विरुद्ध युनायटेड इंडिया इन्शुरन्स हा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय महत्त्वाचा ठरतो. पूर्वीच्या दाव्यावरून विमाधारक न्यायालयात गेला म्हणून कंपनीने पॉलिसीचे नूतनीकरण नाकारले होते. असे करणे मनमानीचे असून नूतनीकरण मूळ मुदत संपल्याच्या दिवसापासूनच धरले पाहिजे, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. या तारखेला फार महत्त्व आहे. पॉलिसी नव्याने सुरू झाली असे मानले, तर मधल्या काळात जडलेला आजार ‘पूर्वीचा आजार’ ठरून वगळला जातो.

मल्होत्रा समितीच्या १९९४ च्या अहवालानंतर १९९९ च्या कायद्याने विमा नियामक व विकास प्राधिकरणाला वैधानिक दर्जा मिळाला आणि खासगी कंपन्यांना प्रवेश खुला झाला. २००१ मध्ये दावे हाताळणाऱ्या त्रयस्थ प्रशासकांसाठी नियम झाले व ‘कॅशलेस’ उपचारांचा मार्ग मोकळा झाला. तथापि ही सोय किती नाजूक आहे, याचा प्रत्यय जुलै २०१० मध्ये आला. बिले फुगविली जातात, या कारणावरून सरकारी विमा कंपन्यांनी मुंबई, दिल्ली, चेन्नई व बंगळूर येथील अनेक मोठ्या खासगी रुग्णालयांतील कॅशलेस सुविधा बंद केली. कंपनी व रुग्णालय यांच्या दरांच्या वादात ज्याने हप्ता भरला होता, तो रुग्ण मात्र अडचणीत सापडला.

नंतरच्या काळात नियामकाने विमाधारकाची बाजू क्रमाने बळकट केली. २०११ मध्ये कंपनी बदलण्याची मुभा मिळाली. २०१३ च्या नियमांनी आजीवन नूतनीकरण बंधनकारक केले. २०२४ मध्ये पूर्वीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणला गेला. तसेच सलग पाच वर्षे पॉलिसी चालू राहिल्यास, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज माहिती दडविल्याच्या कारणावरून दावा नाकारता येणार नाही, अशी तरतूद झाली. जानेवारी २०२५ मध्ये ज्येष्ठ नागरिकांच्या हप्त्यात पूर्वसल्लामसलतीविना वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढ करण्यास मनाई करण्यात आली. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावरील १८ टक्के वस्तू व सेवा कर रद्द झाला. पॉलिसीचे मूल्य वाढविणाऱ्या या सुधारणा बाजारातील स्पर्धेने आपोआप घडलेल्या नाहीत. त्या सार्वजनिक हस्तक्षेपाचे फलित आहेत.

आकडेवारी काय सांगते?

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीनुसार (२०१७-१८) प्रसूती वगळता रुग्णालयात दाखल होण्याचा सरासरी वैद्यकीय खर्च शासकीय रुग्णालयात ४,४५२ रुपये, तर खासगी रुग्णालयात ३१,८४५ रुपये होता. त्याच फेरीत आरोग्य खर्चाचे कोणतेही संरक्षण असलेल्या व्यक्तींचे प्रमाण ग्रामीण भागात सुमारे १४ टक्के व नागरी भागात १९ टक्के आढळले. रुग्णालयाच्या बिलाचा धक्का झेलण्यासाठी विमा उपयुक्त आहे, हे यावरून नाकारता येत नाही.

परंतु भरलेल्या हप्त्यापैकी किती परत येते, हेही पाहिले पाहिजे. २०२३-२४ मध्ये सरकारी साधारण विमा कंपन्यांच्या आरोग्य व्यवसायात दाव्यांचे प्रमाण हप्त्याच्या शंभर टक्क्यांहून अधिक होते. केवळ आरोग्यविमा करणाऱ्या कंपन्यांत ते सुमारे ६५ टक्के होते. सरकारी कंपन्यांच्या व्यवसायात समूह विम्याचा वाटा मोठा असल्याने ही तुलना सावधपणे केली पाहिजे. तरीही एकट्याने खरेदी केलेल्या संरक्षणात विक्री, वितरण व प्रशासन यांचा भार अधिक असतो, हे त्यातून दिसते.

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्य खर्चातील लोकांच्या खिशातून होणाऱ्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मधील ६४.२ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. याच काळात शासकीय खर्चाचा वाटा २८.६ वरून ४८ टक्के झाला. २०२१-२२ हे महासाथीचे वर्ष होते, हे लक्षात घेऊनही असे म्हणता येईल की हा बदल प्रामुख्याने शासकीय खर्चामुळे घडला. त्या वर्षी खासगी आरोग्यविम्याचा वाटा अवघा ७.४ टक्के होता.

एक वेगळा प्रयोग :

हप्ता ठरविण्याचे वेतन व वय हे दोनच निकष नाहीत. वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम येथील कस्तुरबा रुग्णालयाच्या परिसरातील गावांत डॉ. उल्हास जाजू यांनी राबविलेल्या योजनेत शेतकरी कुटुंबे सुगीनंतर आपल्या जमिनीच्या प्रमाणात ज्वारीच्या रूपाने वर्गणी देत. पैसा हाती नसला तरी सुगीला घरात धान्य असते, हे वास्तव या योजनेने ओळखले होते. वर्गणी कशी घ्यावी याबरोबरच ती केव्हा घ्यावी, हा विचारही किमतीइतकाच महत्त्वाचा आहे, हा या प्रयोगाचा धडा होय.

हा धडा आपल्या महाविद्यालयांनाही लागू पडतो. तासिका तत्त्वावर अध्यापन करणाऱ्या सहकाऱ्यांना ज्या महिन्यांत तासिका नसतात, त्या महिन्यांत मानधनही नसते. विम्याचा वार्षिक हप्ता मात्र ठरलेल्या दिवशीच येतो. सवलतीची मुदत उलटली की पॉलिसी खंडित होते व पूर्ण केलेला प्रतीक्षाकाळ वाया जाण्याची भीती असते. एकच पॉलिसी नियमित प्राध्यापकासाठी हक्क ठरते, तर तासिकेवरील प्राध्यापकासाठी दरवर्षी नव्याने स्वीकारलेली जोखीम ठरते.

निष्कर्ष :

१. भारतात आरोग्यविम्याचा हप्ता ऐपतीवर आधारलेल्या तत्त्वाकडून जोखमीवर आधारलेल्या तत्त्वाकडे सरकला. त्यामुळे विम्याची गरज सर्वांत कमी असताना तो स्वस्त आणि सर्वांत अधिक असताना तो महाग, अशी स्थिती निर्माण झाली.
२. वैयक्तिक पॉलिसीचे मूल्य न्यायालये, नियामक व कर धोरण यांनी घडविले आहे. हक्क जितका निश्चित, तितके पॉलिसीचे मूल्य अधिक.
३. वैयक्तिक विमा हा शासकीय रुग्णालयांना पर्याय नसून पूरक आहे. शासकीय रुग्णालय सक्षम असेल, तरच खासगी बिलावर व हप्त्यावर अंकुश राहतो.
४. महाविद्यालयांनी व संस्थांनी तासिका तत्त्वावरील अध्यापकांना समूह विम्यात सामावून घ्यावे आणि मानधन मिळण्याच्या महिन्यांत हप्त्याची विभागणी करावी.

विमा घ्यावा की नाही, असा प्रश्न विचारला तर आजच्या परिस्थितीत तो लवकर घ्यावा व खंड पडू देऊ नये, असेच उत्तर द्यावे लागेल. मात्र हे उत्तर प्रत्येकाने एकट्याने शोधावे, अशी वेळ आपल्यावर का आली, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने विचारत राहिले पाहिजे. आडारकरांच्या योजनेत आजारी कामगाराचा भार सर्वांनी मिळून उचलावयाचा होता. ते सूत्र गिरण्यांबरोबर कालबाह्य झालेले नाही. नोकरीच्या बदललेल्या स्वरूपाला अनुरूप अशी त्याची मांडणी करणे, हे आजचे कार्य आहे.