परका पैसा, आपल्या नोंदी

आजच्या भागाची सुरुवात आपण सगळ्यांनी अनुभवलेल्या एका दिवसापासून करू. तारीख १६ एप्रिल २०२४, वार मंगळवार. त्या दिवशी तुम्ही दुबईत, शारजात किंवा अल ऐनमध्ये असाल, तर पुढचं सांगायची गरज नाही. रस्त्यांचे ओढे झाले, गाड्या तिथेच सोडून माणसं गुडघाभर पाण्यातून घरी आली. अल ऐन भागातल्या खत्म अल शक्ला इथे चोवीस तासांच्या आत २५४.८ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. १९४९ पासून या देशात नोंदी ठेवल्या जातात, त्यातला हा सर्वांत मोठा आकडा. एरवी इथे अख्ख्या वर्षात सरासरी शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो.

पाणी ओसरायच्या आतच मोबाईलवर निरोप फिरू लागले. "ही सगळी विमानांची करणी. ढगांत मीठ फवारतात, म्हणून आभाळ फाटलं." काही बातम्यांतही आधी तसंच छापून आलं. मग राष्ट्रीय हवामान केंद्राने खुलासा केला की वादळ चालू असताना बीजारोपणाचं एकही उड्डाण झालं नव्हतं. पुढे स्वतंत्र शास्त्रज्ञांच्या गटानेही तपासून सांगितलं की त्या पावसावर बीजारोपणाचा म्हणावा असा परिणाम नव्हता. एवढं मोठं वादळ कित्येक दिवस आधीपासून अंदाजांत दिसत होतं. मुळात फवारणी ढग तयार करत नाही. असलेल्या ढगातून थोडं जास्त पाणी काढायचा तो प्रयत्न असतो.

तरी पुष्कळांना ते पटलं नाही. "ज्यांचा पैसा, त्यांचंच उत्तर," असं म्हणणारे आपल्या ओळखीतही निघाले. आजचा विषय हाच आहे. संशोधनाला बाहेरून पैसा मिळतो, तेव्हा उत्तरावर विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा?

आधी इथल्या पावसाच्या पैशाचं बघू. जानेवारी २०१५ मध्ये अमिरातीने पर्जन्यवृद्धी विज्ञानासाठी एक संशोधन कार्यक्रम जाहीर केला. प्रश्न या देशाचा होता, पण उत्तर शोधायला जगातल्या कुणालाही बोलावलं होतं. शास्त्रज्ञांनी आधी थोडक्यात प्रस्ताव पाठवायचा, तो निवडला गेला तर सविस्तर पाठवायचा, आणि निवड आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी करायची. जानेवारी २०१६ मध्ये पहिली तीन नावं जाहीर झाली. जपानच्या नागोया विद्यापीठाचे मासाताका मुराकामी, जर्मनीच्या होहेनहाइम विद्यापीठाचे फोल्कर वुल्फमायर आणि इथल्याच मसदार इन्स्टिट्यूटच्या लिंडा झू. तिघांच्या पथकांत मिळून पन्नास लाख डॉलर, तीन वर्षांसाठी. नंतरच्या फेऱ्यांत एकेका प्रकल्पाला तीन वर्षांत जास्तीत जास्त पंधरा लाख डॉलर अशी मर्यादा ठरली.

झू यांनी मिठाच्या बारीक कणांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा पातळ लेप दिला, म्हणजे कण पाणी अधिक ओढून घेईल. पुढच्या फेरीत इंग्लंडच्या रेडिंग विद्यापीठाच्या जाइल्स हॅरिसन यांनी वेगळाच प्रश्न घेतला. ढगातल्या थेंबांना विजेचा भार दिला तर ते एकमेकांना चिकटून मोठे होतील का? या कामातून बरेच शोधनिबंध निघाले. ते कुणीही काढून वाचू शकतं, तपासू शकतं, चूक असेल तर चूक म्हणू शकतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण आता आपण मागे जाणार आहोत, पुण्याला आणि मुंबईला. परक्या पैशावरचा संशय तिथे जवळजवळ पन्नास वर्षांपूर्वी थेट संसदेपर्यंत पोचला होता.

साल १९५२. पुण्यात विषाणू संशोधन केंद्र सुरू झालं. निम्मी बाजू भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, निम्मी अमेरिकेच्या रॉकफेलर फाउंडेशनची. रॉकफेलरचे शास्त्रज्ञ आधी पीतज्वरावर वर्षानुवर्षं काम करत होते. आता त्यांना डास, गोचीड अशा कीटकांतून पसरणारे विषाणू जगभर शोधायचे होते. त्यासाठी त्रिनिदाद, ब्राझीलमधलं बेलेम, जोहान्सबर्ग अशा ठिकाणी प्रयोगशाळा उभ्या राहिल्या, त्यांतलीच एक पुण्यात. म्हणजे प्रश्न न्यूयॉर्कमध्ये ठरलेला होता. पुण्याच्या माणसाला त्या काळी विचारलं असतं, तर त्याने देवी, पटकी, क्षय अशी नावं आधी घेतली असती.

पाच वर्षांनी, १९५७ मध्ये, तेव्हाच्या म्हैसूर राज्यातल्या शिमोगा जिल्ह्यातून बातमी आली. क्यासनूरच्या जंगलात माकडं मरून पडत होती आणि आसपासच्या गावांत माणसांना जबरदस्त ताप येत होता. माकडं आणि ताप म्हटल्यावर पहिली शंका आली पीतज्वराची. आशियात तो कधी दिसला नव्हता, आणि आला असता तर हाहाकार झाला असता. पुण्याहून पथक निघालं. टेलफर्ड वर्क आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी माकडांच्या आणि माणसांच्या नमुन्यांतून विषाणू वेगळा केला. तो पीतज्वराचा नव्हता. विज्ञानाला तो पूर्णपणे नवा होता आणि गोचिडीतून पसरत होता. जंगलाच्याच नावावरून रोगाला नाव मिळालं, क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. आपले सिंधुदुर्गातले श्रोते त्याला माकडताप म्हणून ओळखतात.

इथून गोष्टीला वेगळंच वळण लागतं. या नव्या विषाणूचं नातं रशियात आढळणाऱ्या, गोचिडीतूनच पसरणाऱ्या मेंदूज्वराच्या विषाणूशी लागत होतं. मग सैबेरियाचा नातेवाईक शिमोग्यात आला कसा? एक शक्यता होती स्थलांतरित पक्ष्यांची. दर हिवाळ्यात लाखो पक्षी उत्तरेतून भारतात उतरतात, त्यांच्या अंगावर गोचिड्या असतात. हे तपासायचं तर पक्षी पकडून, पायात कडी घालून, कोण कुठून येतो ते बघायला हवं.

हे काम करू शकणारी संस्था मुंबईत होती. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, स्थापना १८८३. आणि हे काम करायची फार दिवसांची इच्छा असलेला माणूसही तिथेच होता, सलीम अली. अडचण एकच, पैसा. १९६० च्या आसपास जागतिक आरोग्य संघटनेने रोगाच्या प्रश्नासाठी मदत दिली, आणि तिच्यातून पक्ष्यांच्या स्थलांतराचा अभ्यास सुरू झाला. एका बाजूला आरोग्याचा प्रश्न सुटणार, दुसऱ्या बाजूला पक्षिशास्त्राला हवी ती माहिती मिळणार. संशोधनाच्या जगात असं अनेकदा होतं. आपल्याला हवं ते काम दुसऱ्याच्या गरजेच्या गाडीत बसवून न्यावं लागतं.

पण त्या मदतीला अंत होता. पुढे या कामाला पैसा आला तो मॅप्स नावाच्या प्रकल्पाकडून. पूर्व आणि दक्षिण आशियातल्या स्थलांतरित प्राण्यांचे रोग तपासणारा हा प्रकल्प अमेरिकी सैन्याच्या पैशावर चालत होता. सोसायटीचे लोक भरतपूरला, कोडियाक्करईला जाळी लावून पक्षी पकडत होते, मोजत होते, कडी घालून सोडत होते. काम तेच, माणसं तीच, फक्त धनी बदलला होता.

१९७४ मध्ये वर्तमानपत्रांतून प्रश्न उठला. परदेशी सैन्याला आपल्या पक्ष्यांत एवढा रस कशासाठी? कुठला पक्षी कुठला रोग घेऊन कुठे जातो, ही माहिती जैविक युद्धात उपयोगी पडणार नाही का? संसदेच्या लोकलेखा समितीने चौकशी केली. १९७५ च्या तिच्या अहवालात मुंबईच्या पक्ष्यांबरोबर दिल्लीतल्या डासांवरच्या एका प्रकल्पाचीही झाडाझडती झाली. तो डासांचा प्रकल्प त्याच वर्षी बंद पडला. सलीम अलींना हे आरोप मुळातच निराधार वाटत होते. पक्ष्यांचा अस्त्रासारखा वापर झाल्याचं कुणी दाखवून दिलं नाही. पण समितीचा मुद्दा तेवढाच नव्हता. पैसा कुठून येतो याची पुरेशी चौकशी कुणी केली होती का, आणि गोळा झालेले नमुने व माहिती कुणाच्या हाती जात होती, हा तिचा प्रश्न होता. तो प्रश्न रास्त होता असं मला वाटतं, आणि सलीम अलींची तळमळही खरी होती. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

आज भारतात परदेशी मदतीने आरोग्याचं संशोधन करायचं तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची संमती लागते. आपल्या ओळखीतले संशोधक त्या कागदपत्रांना कंटाळतात. पण ती अट कुठल्या अनुभवातून आली असेल, ते १९७५ चा तो अहवाल समजून घेतला की उमगतं.

आता दोन्ही कामांतून मागे काय उरलं ते पाहू.

रॉकफेलर फाउंडेशनने १९६७ मध्ये पुण्यातून आपली मदत काढून घेतली. केंद्र बंद पडलं नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने ते पूर्ण आपल्या खर्चाने चालवलं. १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत चिकुनगुनियाची साथ आली, तेव्हा ओळख पटवणारी माणसं घरचीच होती. १९७८ मध्ये केंद्राचं नाव राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था झालं. २०१६ मध्ये सिंधुदुर्गात बांद्याच्या परिसरात, काजूच्या बागांत काम करणारी माणसं तापाने फणफणली, तेव्हा माकडतापाची ओळख पटवण्याचं ज्ञान पुण्यात साठ वर्षं जपलेलं होतं. आणि जानेवारी २०२० मध्ये केरळातल्या पहिल्या कोरोना रुग्णाचा नमुना तपासला गेला, तोही पुण्याच्याच या संस्थेत. न्यूयॉर्कचा प्रश्न घेऊन आलेला पैसा गेला, पण शिकलेले हात, साठवलेले नमुने आणि नोंदवह्या आपल्याकडे राहिल्या.

पक्ष्यांचंही तसंच. माकडताप सैबेरियातून पक्ष्यांनी आणला हे सिद्ध झालं नाही. उलट १९९० च्या दशकात त्याचा अगदी जवळचा भाऊबंद सापडला तो आपल्या शेजारी, सौदी अरेबियात. अल्खुर्मा विषाणू म्हणतात त्याला. पण पक्ष्यांच्या पायातल्या त्या बारीक कड्यांवर इंग्रजीत कोरलेलं असायचं, "बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा". मेलेला पक्षी दूर उत्तरेत कुणाला सापडला, तरी खबर मुंबईला यायची. पैसा कुणाचाही असो, कड्यावर पत्ता आपला होता. भारतातले पक्षी कुठून येतात हे सांगणाऱ्या पुष्कळशा नोंदी त्या पत्त्यावर जमा झाल्या.

आता परत इथे येऊ. अमिरातीत आज संशोधनाला पैसा देणारी दारं अनेक आहेत. शेख हमदान बिन राशिद अल मक्तूम यांनी १९९९ मध्ये दुबईत वैद्यकीय विज्ञानासाठी पुरस्कार सुरू केला, त्याच्या जोडीने संशोधनालाही मदत दिली जाऊ लागली. त्याच छत्राखाली २००३ मध्ये अरब जनुकीय अभ्यास केंद्र उभं राहिलं, आणि अरब समाजात आढळणाऱ्या आनुवंशिक आजारांची सूची तिथे तयार होऊ लागली. दुसऱ्या देशांच्या संशोधकांना आपल्या आजारांचं नवल वाटेल तेव्हा ते बघतील, अशी वाट न पाहता स्वतः ठेवलेली ही नोंद आहे. २०१२ मध्ये स्थापन झालेल्या अल जलीला फाउंडेशनने इथल्या संस्थांतल्या संशोधकांसाठी अनुदानं सुरू केली. विषय पाच: कर्करोग, हृदयविकार, मधुमेह, स्थूलपणा आणि मानसिक आरोग्य. आपल्या मराठी घरांतल्या औषधांच्या डब्यात डोकावलं तर हे विषय परके वाटणार नाहीत.

आपली मुलं इथे शिकतात. कुणी अल ऐनच्या विद्यापीठात, कुणी अबू धाबीत, कुणी दुबईत वैद्यकीय शाखेत. त्यांच्यापैकी काही जण उद्या असे अर्ज भरतील. पैसा मिळाला की घरात पेढे वाटले जातील, वाटलेच पाहिजेत. पण त्याआधी करारातली तीन कलमं शांतपणे वाचायला सांगा. पैसा शेवटी कुणाच्या खिशातून येतो, निष्कर्ष कुणाच्या परवानगीवाचून छापता येतील का, आणि अनुदान संपल्यावर नमुने व नोंदी कुठे राहतील. या तिन्हींची उत्तरं उघड असतील, तर उद्या एखाद्या एप्रिलमध्ये आभाळ फाटलं आणि लोकांनी विचारलं "हे तुम्हीच केलंत का", तर त्यांच्यापुढे आकडे ठेवता येतील.

सोलापूरच्या आकाशातही २०१८ आणि २०१९ मध्ये असाच प्रयोग झाला. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तो भारत सरकारच्या पैशातून केला. बीजारोपणाने पाऊस सुमारे १८ टक्क्यांनी वाढला, असं त्यांनी मांडलं. जे ढग फवारले आणि जे मुद्दाम तसेच सोडले, त्या दोहोंची तुलना त्यांनी प्रसिद्ध केली आहे. सोलापूरचा शेतकरी आणि अल ऐनचा खजूरवाला, दोघांनाही तिच्यात रस असेल.

पुन्हा भेटू पुढच्या भागात. ऐकत राहा, आणि आपल्या घरातल्या जुन्या नोंदवह्या रद्दीत टाकू नका. नमस्कार.