शब्दमर्यादेची कुळकथा

खापरखेडा हे मोजमापाचे गाव आहे. नागपूरच्या उत्तरेस, सावनेर तालुक्यात, जेथे सिल्लेवाड्याच्या खाणीतला कोळसा टनांनी तोलला जातो आणि औष्णिक केंद्राचे २१० मेगावॉटचे चार व ५०० मेगावॉटचा एक असे पाच संच जी वीज निर्माण करतात तिचा हिशेब युनिटांनी ठेवला जातो, तेथे दहावीच्या वर्गातील मुलामुलींना कुमारभारतीच्या कृतिपत्रिकेत १०० ते १२० शब्दांत आत्मकथन अथवा वैचारिक लेख लिहावयास सांगितले, तर त्याचे कोणास नवल वाटू नये. परंतु कोळशाचा टन काट्यावर जसा निर्विवाद ठरतो, तसा शब्द काही ठरत नाही. आणि जे नीट ठरत नाही त्याचे माप धरण्याचा शिरस्ता कोणत्या मार्गाने शाळेत शिरला, हे पाहण्याजोगे आहे.

लेखनाचे मापन आपणांस अपरिचित नव्हते. महाभारतास ‘शतसाहस्री संहिता’ म्हणण्यात एक लक्ष श्लोकांचा दावा होता. गद्य असो की पद्य, बत्तीस अक्षरांचे एक परिमाण मानून त्यास ‘ग्रंथ’ अशीच संज्ञा दिली जाई, आणि पोथीच्या अखेरीस अशा परिमाणांची एकूण संख्या नमूद केली जाई. तिचा उपयोग दुहेरी होता: नकलनविसाची मजुरी तिच्यावरून ठरे, आणि कोणी पदरचा मजकूर घुसडला किंवा गाळला तर तो ध्यानात येई. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीचे संशोधन केले, त्याअर्थी घुसडलेल्या ओव्यांची धास्ती काल्पनिक नव्हती. मराठी पोथ्यांत अध्यायाअखेर ओव्यांची संख्या लिहिलेली आढळते, तिच्यामागेही असाच सावधपणा असावा. या साऱ्या व्यवहारात मोजले जाई ते अक्षर, शब्द नव्हे.

शब्द मोजणार तरी कसा? जुन्या पोथीत देवनागरीची ओळ सलग चाले. दफ्तरात तर कारकून आधी कागदावर शिरोरेषा ओढून घेई आणि तिच्याखाली मोडीची अक्षरे, लेखणी शक्यतो न उचलता, अशी लोंबती सोडी की एक शब्द कोठे संपला आणि दुसरा कोठे सुरू झाला हे वाचणाऱ्याने अर्थावरून ताडावयाचे. पेशव्यांच्या किंवा नागपूरकर भोसल्यांच्या पत्रातील शब्द मोजावयाचे झाले, तर ते पत्र आधी समजले पाहिजे. अक्षरे मात्र अर्थ न कळणाऱ्यासही मोजता येतात, आणि मजुरी ठरविणाऱ्याला एवढे पुरेसे असते.

शब्दांना मोकळी जागा मिळाली ती छापखान्यात. १८०५ साली बंगालमधील सेरामपूर येथे विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण देवनागरी खिळ्यांनी छापले गेले. १८१० मध्ये त्याचा कोश निघाला तो मात्र मोडी खिळ्यांत. पुढे मेजर थॉमस कँडी यांनी १८५० मध्ये ‘विरामचिन्हांची परिभाषा’ लिहून वाक्याला कुंपण घातले. शब्द सुटा दिसू लागला तो येथून, आणि सुटा दिसला म्हणूनच तो पुढे मोजता आला. मोजण्यास पैशाचे कारण मिळाले ते तारखात्यामुळे. १८५५ पासून हिंदुस्थानात तार सर्वांस खुली झाली आणि तिचा आकार शब्दसंख्येवर ठरू लागला, तेव्हा मृत्यूची वार्ता देणारा शोकाकुल माणूसदेखील कोणता शब्द गाळता येईल याचा विचार करू लागला. निबंधलेखनाच्या शिक्षकांनी संक्षेपाची कितीही थोरवी गायिली असली, तरी तारखात्याइतका कडक परीक्षक त्यांच्यात कोणी झाला नाही असे माझे मत आहे.

परीक्षेतील मर्यादेचे मूळ तर याहून दूरचे. चीनमधील राजसेवा परीक्षांच्या अष्टपदी निबंधाला, चिएनलुंग बादशहाच्या अमदानीत १७७८ साली, ७०० चिन्हांची मर्यादा ठरली, आणि ती ओलांडणारा निबंध स्वीकारू नये असा हुकूम निघाला. एवढ्यावर भागले नाही. उमेदवाराने किती चिन्हे खोडली, किती भरीला घातली, याचा आकडाही उत्तरपत्रिकेच्या अखेरीस लिहून द्यावा लागे. तेथील एक चिन्ह हे साधारणतः उच्चारातील एक अक्षर असल्यामुळे, आपल्या पोथीलेखकाप्रमाणे त्यांचेही माप निःसंदिग्ध होते. सक्ती शोभते ती अशाच मापाला.

आमच्या शाळांत बराच काळ मर्यादा असे ती ओळींची. ‘इतक्या ओळींत निबंध लिहा’ या हुकमात मोठ्या अक्षराच्या मुलाची चंगळ आणि बारीक अक्षराच्या मुलीची कुचंबणा होई, हे सर्वांना ठाऊक असूनही ते चाले. या भागाने परीक्षेचे मालकही अनेक पाहिले: १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा मुलूख जुन्या मध्य प्रदेशात होता, त्यानंतर विदर्भाचे मंडळ झाले, आणि १ जानेवारी १९६६ पासून राज्य मंडळाचा नागपूर विभाग. प्रश्नपत्रिका बदलत गेल्या, ओळींच्या जागी कंसात शब्दांचे आकडे आले. तपासणाऱ्याचा डोळा मात्र पूर्वीचाच राहिला. ज्याच्यापुढे उत्तरपत्रिकांचा गठ्ठा आहे, वरती नियामकाची तपासणी आहे आणि मेहनताना पडतो तो नगावर, तो परीक्षक एकेक शब्द बोटाने मोजील ही कल्पनाच असंभाव्य. तो दोन-तीन ओळींतील शब्द पाहतो, ओळींनी गुणतो, आणि पुढे तेही सोडून पानाच्या भरगच्चपणावरून अदमास करतो. तोकड्या निबंधाचे गुण कापले जातात, लांबलेल्याचे क्वचितच. शब्दमर्यादा ही कागदावर कमाल असली तरी व्यवहारात किमान होऊन बसते. एके ठिकाणी मात्र मी सक्तीच्या बाजूचा आहे, आणि ते म्हणजे सारांशलेखन. उताऱ्याचा एक तृतीयांश करावयाचा, हेच तेथील काम असल्यामुळे अर्ध्यावर थांबलेल्या सारांशाला सारांश म्हणता येत नाही.

निबंधाच्या बाबतीत खरी अडचण भाषेची आहे. वीजकेंद्राच्या आणि कोळसाखाणीच्या वसाहतींत मराठी व हिंदी एकाच ओसरीवर नांदतात, मुले दोन्हींत निबंध लिहितात, आणि दोन्ही पेपरांत शब्दसंख्या नेमलेली असते. ‘गावाबाहेरच्या शाळेतल्या मुलांसाठी’ हे मराठीत तीन शब्द झाले. तोच मजकूर हिंदीत ‘गाँव के बाहर के स्कूल के बच्चों के लिए’ असा लिहिला की नऊ होतात. मराठीने विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटवून घेतली, हिंदीने ती सुटी ठेवली. सबब शंभर शब्दांत मराठी मुलाला पुष्कळ अधिक सांगावे लागते, आणि विचार अपुरे असतील तर पानही भरत नाही. बत्तीस अक्षरांच्या जुन्या परिमाणात हा अन्याय एवढा मोठा झाला नसता. यावर मुलांनीच एक तोड काढली आहे, बहुधा शेजारच्या भाषेच्या वळणाने आणि नकळत: ती ‘मुलां साठी’, ‘शाळे समोर’ असे तोडून लिहितात. मोजणाऱ्याच्या लेखी संख्या वाढते आणि शुद्धलेखनाचा गुण जातो. खापरखेड्यातील मराठीच्या शिक्षकांची लाल शाई शब्द मोजण्यापेक्षा हे तुटलेले शब्द जोडण्यातच अधिक खर्ची पडत असावी.